तरुण संघाने पहिलाच सामना जिंकला. किती हुरळून जायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. नाशिक सोडून कॅनडात येऊन तुम्हाला दोन वर्षं झाली. मुलीच्या नादाने तुम्ही आइस हॉकी बघायला लागलात. परवा तुमच्या संघाने हंगामाचा पहिला सामना घरच्या रिंकवर 4-1 असा जिंकला आणि चारपैकी तीन गोल एकविशीच्या आतल्या पोरांनी केले. तुम्हाला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी ऑफिसात जुन्या जाणत्यांनी एका वाक्यात हवा काढून घेतली: "अजून ऑक्टोबर आहे." आता तुम्ही विचारताय की हा संघ खरंच घडतोय, की आपण उगाच नाचतोय? आणि दहा सामन्यांच्या तिकिटांचा संच आत्ताच घेऊन टाकावा का?

उत्साहाच्या भरात संघाचं नाव लिहायचं राहिलंय. राहू दे. एनएचएल म्हणजे उत्तर अमेरिकेतली सर्वांत वरची आइस हॉकी लीग; तिच्यातला कुठलाही तरुण संघ असला तरी विचार करायची पद्धत तीच.

मी ओंटारियोत पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या संघाला शिकवतो, आणि सामन्याचं चित्रीकरण परत परत थांबवून बघणं हा त्यातला मोठा भाग. व्यावसायिक संघाच्या ड्रेसिंग रूमशी माझा संबंध नाही. पण तरुण खेळाडू पहिल्या सामन्यात कसे दिसतात आणि पाचव्या-सहाव्या आठवड्यात त्यांचं काय होतं, हे दर हिवाळ्यात बघत आलोय.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न मिसळलेत. आनंद मानावा का, हा पहिला. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. रात्रभर जागलात ते छानच झालं. दुसरा असा की या विजयावरून पुढचं काही सांगता येतं का. ऑफिसातली मंडळी हे दोन्ही एकत्र करून तुम्हाला गप्प बसवतायत.

त्यांचं म्हणणंही अर्धंच खरं आहे. ऑक्टोबरमधल्या विजयाचे दोन गुण आणि एप्रिलमधल्या विजयाचेही दोनच. 2024-25 च्या हंगामात मॉन्ट्रियल कॅनेडियन्स 91 गुणांवर थांबले आणि पूर्व विभागातली प्लेऑफची, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांची, शेवटची जागा त्यांना मिळाली. कोलंबस ब्लू जॅकेट्स 89 गुणांवर होते, ते घरी गेले. फरक दोन गुणांचा. आणि मॉन्ट्रियलने 9 ऑक्टोबर 2024 ला हंगामाचा पहिला सामना टोरांटोविरुद्ध 1-0 असा जिंकला होता. तेव्हा ऑक्टोबरचे गुण फुकटचे असतात असं कुणी म्हणालं तर हे सांगा.

गुण मोजले जातातच. पण संघाबद्दलची माहिती त्या निकालातून फार थोडी मिळते. आपण म्हणतो, शितावरून भाताची परीक्षा. ती परीक्षा चालते, कारण पातेल्यातली सगळी शितं एकाच आचेवर शिजलेली असतात. हॉकीच्या हंगामातले ऐंशीहून जास्त सामने एकाच आचेवर शिजत नाहीत. कधी लागोपाठ दोन रात्री सामना, कधी मध्ये चार तासांचं विमान, कधी पहिला गोलरक्षक बाकावर, कधी समोरच्याचे दोन मुख्य बचावपटू जखमी. पहिल्या सामन्यात तर सगळ्यांचेच पाय ताजे असतात आणि डावपेच कच्चे. कोणी कुणाला धरायचं याचा गोंधळ दोन्हीकडे असतो, आणि हुशार तरुण पोरं अशा गोंधळात फार खुलतात. शिवाय त्यांच्या हालचालींचं चित्रीकरण समोरच्या संघाकडे फारसं नसतं. एखादा पोरगा उजवीकडून आत येताना पक, म्हणजे रबराची चकती, आधी मागे ओढतो आणि मग मारतो, हे पहिल्या दिवशी बचावपटूला नवीन असतं. महिन्याभराने त्याच्या हातात पक येण्याआधीच बचावपटूची काठी तिथे आडवी असते. माझ्या मुलांचंही हेच होतं. पहिल्या सामन्यात चमकलेला मुलगा नोव्हेंबरमध्ये विचारतो, "सर, मी तेच करतोय, मग आता का होत नाही?"

आता एका अशा पहिल्या विजयाबद्दल सांगतो, जो बघून तुमच्यासारखीच एका अख्ख्या शहराची झोप उडाली होती.

7 ऑक्टोबर 2010. एडमंटन ऑइलर्स घरच्या रिंकवर आपल्या जुन्या वैऱ्याशी, कॅलगरी फ्लेम्सशी खेळत होते. आदल्या हंगामात एडमंटन लीगमध्ये शेवटचं आलं होतं, म्हणून नव्या खेळाडूंच्या निवडीतला (ड्राफ्टमधला) पहिला क्रमांक त्यांना मिळाला आणि त्यांनी टेलर हॉलला घेतलं. हॉल 18 वर्षांचा, मॅग्नस पायारवी 19 चा, जॉर्डन एबर्ली 20 चा. तिघांचाही एनएचएलमधला पहिला सामना. एडमंटन 4-0 जिंकलं. एबर्लीने आपला पहिला गोल केला तो संघाचा एक खेळाडू शिक्षेसाठी बाहेर बसलेला असताना: आडव्या पडलेल्या बचावपटूला वळसा घालून, मग समोर मीका किप्रुसॉफसारख्या गोलरक्षकाला चकवून. तो गोल आजही शोधून बघा. असं दृश्य पाहिल्यावर कुणी शांत बसला असेल तर त्याने हॉकी बघू नये.

त्या हंगामाच्या शेवटी एडमंटन 82 पैकी 25 सामने जिंकून 62 गुणांवर होतं. तीस संघांत तिसावं. पुढच्या जूनमध्ये पुन्हा पहिली निवड त्यांचीच, आणि 2012 मध्येही. प्लेऑफ बघायला त्या शहराला 2017 उजाडावं लागलं.

पोरं वाईट होती का? अजिबात नाही. हॉलने त्या हंगामात 65 सामन्यांत 22 गोल केले, एबर्लीने 69 सामन्यांत 43 गुण मिळवले (खेळाडूचे गुण म्हणजे त्याचे गोल आणि गोलला केलेली मदत यांची बेरीज). पहिल्या वर्षाला हे आकडे उत्तम आहेत. पण ते तिघेही विंगर, म्हणजे कडेने पळणारे. विंगर लवकर पिकतो. त्याला वेग आणि हात पुरतात, बाकीचं शिकता शिकता जमतं. सेंटरला, म्हणजे मधल्या आघाडीपटूला, आपल्या गोलसमोर खाली येऊन बचावपटूंच्या बरोबरीने खेळावं लागतं. बचावपटूची चूक तर थेट जाळ्यात जाते. या दोन जागांवर माणूस तयार व्हायला वर्षं लागतात, आणि गोलरक्षकाला त्याहून जास्त. एडमंटनकडे पुढे चमक होती आणि मागे माणसं कमी. रायन व्हिटनी हा त्यांचा सर्वांत उपयोगी बचावपटू 35 सामने खेळून जखमी झाला आणि उरलेल्या हंगामात परतलाच नाही. त्याच्या जागी उभं करायला तसा दुसरा माणूस नव्हता.

म्हणून "आमचा संघ तरुण आहे" असं कुणी सांगितलं की मी पहिलं विचारतो, कुठे तरुण आहे? सरासरी वय बघून काही कळत नाही.

आता मॉन्ट्रियलच्या त्या 1-0 विजयाकडे परत या. तो सामना दिसायला अगदी उलटा होता. टोरांटोने 48 फटके मारले आणि सॅम मॉन्टेम्बोने 48 च्या 48 अडवले. एनएचएलचा सर्वसाधारण गोलरक्षक शंभरात साधारण नव्वद अडवतो. त्या हिशेबाने चार-पाच गोल जायला हवे होते. कोल कॉफील्डचा एकुलता एक गोल आणि गोलरक्षकाची कमाल, एवढ्यावर तो सामना जिंकला गेला. मी असा सामना बघितला की म्हणतो, आज गोलरक्षकाने पोरांची लाज राखली. आणि पुढचे काही आठवडे तसंच दिसलं. त्याच ऑक्टोबरमध्ये घरच्याच रिंकवर न्यूयॉर्क रेंजर्सने त्यांना 7-2 आणि सिएटलने 8-2 असं धुतलं.

तरीही देखण्या विजयाचं एडमंटन शेवटचं आलं आणि चोरलेल्या विजयाचं मॉन्ट्रियल प्लेऑफमध्ये गेलं. धावफलकावरून यातलं काहीच दिसलं नसतं. तरुणाई कुठे आहे ते बघितलं असतं तर थोडं दिसलं असतं. मॉन्ट्रियलचा कप्तान निक सुझुकी सेंटर आहे. तो तेव्हा 25 वर्षांचा होता, म्हणजे कोवळेपणा संपलेला. मागे 20 वर्षांचा लेन हटसन होता, पण त्याच्याबरोबर त्या फळीत माइक मॅथेसन आणि डेव्हिड सावारसारखी अनुभवी माणसंही होती. हटसनने त्या हंगामात 66 गुण मिळवले आणि सर्वोत्तम नवोदिताचा काल्डर चषक घेतला. मग 18 डिसेंबरला नॅशव्हिलकडून अलेक्झांद्र कारिये हा बचावपटू आला. नाव ऐकून कुणी उड्या मारणार नाही असा खेळाडू. पण आपल्या भागातून पक शांतपणे बाहेर काढणारा. डिसेंबरच्या अखेरीस याकुब डोबेश हा तरुण गोलरक्षक वर बोलावला गेला आणि पहिल्याच सामन्यात त्याने गतविजेत्या फ्लोरिडाला एकही गोल करू दिला नाही. थोडक्यात, एडमंटनची मागची फळी डिसेंबरनंतर आणखी उघडी पडली आणि मॉन्ट्रियलची डिसेंबरनंतर भरली. ऑक्टोबरमधल्या पहिल्या सामन्यात यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं.

उलट्या दिशेनेही हेच. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये एडमंटन पहिला सामना व्हँकुव्हरकडून 8-1 असा हरलं, नोव्हेंबरमध्ये प्रशिक्षक बदलला, आणि जूनमध्ये तोच संघ स्टॅन्ली चषकाच्या, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीत सातव्या सामन्यापर्यंत गेला. आपल्याकडच्या गवतावरच्या, म्हणजे आता टर्फवरच्या हॉकीतलं हवं असेल तर टोकियो ऑलिंपिक आठवा. भारतीय महिला संघ पहिले तिन्ही सामने हरला होता. मग आयर्लंड, दक्षिण आफ्रिका आणि उपांत्यपूर्व फेरीत ऑस्ट्रेलियाला हरवून त्या चौथ्या आल्या.

मग तुमच्या 4-1 कडे कसं बघायचं? चित्रीकरण परत बघता येत असेल तर गोल सोडून बाकीचं बघा. मी मुलांना पहिल्या सामन्यानंतर गोल दाखवतच नाही. ते त्यांनी फोनवर शंभरदा बघितलेले असतात.

सगळ्यात आधी बघा पक आपल्या भागातून बाहेर कसा निघतो. बचावपटूने मान वर करून साथीदाराला दिला, स्वतः घेऊन निघाला, की घाबरून रिंकभोवतीच्या काचेवर आपटून ढकलून दिला? मी कागदावर तीन रकाने करतो: ताब्यात बाहेर, नुसता बाहेर, आणि अडकला. पहिला रकाना भरलेला असेल तर संघ घडतोय असं म्हणायला जागा आहे. तिसरा भरलेला असूनही 4-1 जिंकला असाल, तर गोलरक्षकाला मिठाई पाठवा. माझा एवढ्या वर्षांचा अनुभव या एका गोष्टीभोवती फिरतो. गोल करायला प्रतिभा लागते आणि ती तुमच्या पोरांकडे आहे. पण दबावाखाली स्वतःच्या कोपऱ्यातून पक काढायला जी समज लागते, तीच संघाला फेब्रुवारीत जिवंत ठेवते.

फटक्यांचा आकडा बघाल तर तिसरा, म्हणजे शेवटचा, पिरियड वेगळा काढा. आघाडीवर असलेला संघ शेवटी मागे सरकतो आणि पिछाडीवरचा मारत सुटतो. त्यामुळे एकूण आकड्यात तुम्ही मागे दिसलात तर लगेच खट्टू होऊ नका. बरोबरी असताना, दोन्हीकडे पाच-पाच खेळाडू असताना काय चाललं होतं ते महत्त्वाचं. आणि तीनही गोल पॉवर प्लेवर, म्हणजे समोरच्यांचा खेळाडू शिक्षेसाठी बाहेर असताना, झाले असतील, तर ते दर सामन्यात मिळतीलच असं धरू नका. चांगले संघही पाच संधींत साधारण एकदा गोल करतात.

मग बघा तुमच्या पोरांसमोर कोण होतं. हा भाग प्रेक्षकाच्या लक्षात येत नाही. खेळ थांबला की पाहुण्या संघाने आधी खेळाडू बदलायचे आणि यजमानाने नंतर, असा नियम आहे. त्यामुळे घरच्या सामन्यात प्रशिक्षक समोरच्याची सर्वांत जड फळी उतरलेली बघून आपल्या एकोणीस वर्षांच्या पोराला बाकावर ठेवू शकतो आणि दुबळी फळी आली की सोडू शकतो. फेस-ऑफ, म्हणजे दोघांमध्ये पक टाकून खेळ पुन्हा सुरू करणं, समोरच्याच्या भागात असेल तेव्हाच त्याला उतरवू शकतो. मीही हेच करतो. यात लबाडी नाही, पोराला उभं करण्याची ही रीत आहे. पण त्यामुळे घरचा पहिला सामना पोरांना जरा जास्तच शोभतो. परक्या रिंकवर ही सोय नसते. तिथला त्यांचा पहिला आठवडा नीट बघा.

आणि शेवटची पाच मिनिटं. चौथा गोल रिकाम्या जाळ्यात गेला होता का? तुम्ही लिहिलं नाहीत. तसं असेल तर सामना खरा 3-1 चा. तेव्हा बर्फावर कोण होतं? समोरचा गोलरक्षक काढून सहावा खेळाडू उतरवतो, त्या वेळी प्रशिक्षकाने त्या पोरांपैकी एखाद्यावर तरी विश्वास टाकला असेल, तर ती बातमी तीन गोलांपेक्षा मोठी आहे.

एक वेगळी खूण सांगतो, ती फक्त अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांना लागू. ज्युनियर लीगमधून आलेल्या अशा खेळाडूला संघ नऊ सामने खेळवून परत पाठवू शकतो; दहावा खेळला की कराराचं पहिलं वर्ष वापरलं जातं. तुमचा लाडका दहाव्या सामन्यातही यादीत दिसला, तर व्यवस्थापनाने त्याच्याबद्दल काय ठरवलंय ते पत्रकार परिषदेशिवाय कळेल. आणि परत पाठवला, तर मुलीला समजावून ठेवा की ती शिक्षा नसते.

किती थांबायचं, हे परिस्थितीवर आहे. इथे सगळे अमेरिकन थँक्सगिव्हिंगचा, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्याचा दाखला देतात: त्या दिवशी प्लेऑफच्या जागेत असलेल्यांपैकी साधारण तीन चतुर्थांश संघ शेवटीही तिथेच असतात. अंदाज म्हणून ठीक आहे, पण त्या आधाराने 2024 मध्ये मॉन्ट्रियलवर फुली मारली गेली असती. संघाचा सेंटर आणि पहिला बचावपटू अनुभवी असतील, तर माझं मत लवकर बनतं. तेच दोघं कोवळे असतील तर मी जानेवारीपर्यंत काही बोलत नाही, जिंकत असले तरी आणि हरत असले तरी.

राहिली तिकिटं. दहा सामन्यांचा संच आज घेऊ नका. याचं कारण संघावरचा अविश्वास नाही. पहिल्या विजयानंतरच्या आठवड्यात सगळ्यांनाच तुमच्यासारखं वाटत असतं, आणि त्या भरात शनिवारचे, नावाजलेल्या संघांविरुद्धचे महागडे सामने उचलले जातात. त्यापेक्षा नोव्हेंबरमधल्या एखाद्या मंगळवारची सुटी तिकिटं बघा. संघ दोन-तीन सामने हरलेला असेल तर उत्तमच. पुन्हा विकणारे लोक किंमत उतरवतात. काचेजवळची जागा घेऊ नका, तिथून वेग दिसतो पण खेळ कळत नाही. वरच्या मजल्यावर, आपला संघ दोनदा बचाव करतो त्या बाजूच्या कोपऱ्यात बसा. पहिल्या आणि तिसऱ्या पिरियडला संघ एकाच बाजूचा गोल राखतो, दुसऱ्याला बाजू बदलते, ते आधी विचारून घ्या. मुलीच्या हातात कागद-पेन्सिल द्या आणि ते तीन रकाने तिला भरू द्या. संघाचं नाव आणि तो कागद इथे टाकलात, तर पुढचं बोलू.